दया आणि जयणा

जैन व्यापारी कुटुंबाच्या हिशेबात जीवदयेचे खाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पर्युषणात, घरात मूल जन्मले की, आईवडिलांच्या पुण्यतिथीला, नव्या दुकानाच्या मुहूर्ताला काही रक्कम अबोल जिवांच्या नावे निघते. अनेक पेढ्यांवर गल्ल्याशेजारी जीवदयेची पेटी असते आणि दिवसाची पहिली विक्री झाली की तिच्यात नाणे पडते. ही रीत लहान मानण्याचे कारण नाही. अशाच नाण्यांवर गावोगावचे पांजरपोळ उभे राहिले आणि दुष्काळात मुक्या जनावरांच्या दावणीला चारा पोचला. तरीही देणगी देणे आणि जीव सांभाळणे यांत अंतर आहे. देणगीचा व्यवहार पावतीपाशी पुरा होतो. आजारी, वृद्ध, हट्टी प्राणी घराच्या उंबरठ्याच्या आत आला, म्हणजे त्या पावतीच्या पलीकडे किती काम उरते ते कळू लागते.

या परंपरेचा एक धागा थेट कुत्र्यांपाशी जातो, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. 1832 च्या जून महिन्यात मुंबईत बेवारस कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मोठा क्षोभ उसळला. मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत असल्याने पाळीव कुत्रेही ओढून नेले जात असल्याची तक्रार होती. पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू आणि जैन रहिवाशांनी साथ दिली, बाजार बंद पडले. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. भुलेश्वरच्या गर्दीत तो आजही उभा आहे. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरील भव्य टूक बांधणारे मोतीशा शेठ ते हेच. तीर्थ उभारणाऱ्या हातांना रस्त्यावरच्या कुत्र्याची काळजी वाहणे कमीपणाचे वाटले नव्हते.

पांजरपोळ ही समाजाची सामुदायिक व्यवस्था. गायीगुरांसाठी ती पुष्कळ अंशी पुरी पडते. परंतु शहरांत अलीकडे एक वेगळेच दुःख वाढले आहे. हौसेने आणलेला कुत्रा दहा-अकरा वर्षांचा झाला, त्याला खोकला जडला, औषधांचा खर्च वाढला, की त्याला रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून देणारी माणसे आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार, उपाशी-तहानेले तळमळावे लागेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा आहे. पण अंधारात सोडलेल्या मुक्या जिवाची साक्ष काढणार कोण? आयुष्य घरात गेलेल्या अशा कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही आणि निवाऱ्याच्या पिंजऱ्यांतील गोंगाट त्याच्या आजारी शरीराला सोसवत नाही. म्हणून प्राणिमित्र संस्था अशा प्राण्यांसाठी काही काळापुरते घर शोधतात. कायमचा पालक मिळेपर्यंत एखादे कुटुंब त्याला सांभाळते, औषधपाणी करते आणि वेळ आली की योग्य हाती सोपवते. याला आजकाल ‘फॉस्टर’ म्हणतात. व्यापाऱ्याला ही कल्पना नवी नाही. त्याच्या भाषेत तिचे नाव ‘ठेव’. ठेव स्वतःच्या मालापेक्षा अधिक जपायची असते आणि मागितली की विनातक्रार परत करायची असते.

पुण्यातील एका भुसार व्यापारी कुटुंबात गेल्या आषाढात अशी एक ठेव आली. कुटुंब मूळ कच्छचे, तीन पिढ्यांपासून पुण्यात स्थिरावलेले. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळा आणि बिबवेवाडीत जुन्या बांधणीचे दोन मजली घर. घरात बापुजी आणि बा, दोन मुलगे, दोन सुना आणि बारा वर्षांची नात. चातुर्मास चार दिवसांवर आला असताना नातीच्या आग्रहामुळे आणि थोरल्या सुनेच्या पुढाकाराने पांढऱ्या केसांची एक स्पिट्झ कुत्री या घरी आली. लोक अशा कुत्र्यांना सरसकट पामेरियन म्हणतात. वय अकराच्या आसपास, एका डोळ्यात मोतीबिंदू, दात किडलेले आणि हृदयाची डावीकडील झडप गळकी. संस्थेतील मुलांनी तिचे नाव ‘बिजली’ ठेवले होते. दोन महिन्यांची बोली होती.

नाव सार्थ होते. म्हातारपण आपल्याला आले आहे याची वार्ताच तिला नव्हती. पहाटे दुधाची पिशवी दाराशी पडली की ती उभ्या घराला जागे करी. फाटकाची कडी वाजताच अंगणाला दोन फेऱ्या घाली, जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढे, आणि कोणी बाहेर निघाले की चपलांपाशी जाऊन बसे. आजारी, थकलेल्या, कोपऱ्यात निजून राहणाऱ्या प्राण्याची सेवा करायची, असे घरातल्यांच्या मनात होते. प्रत्यक्षात आले ते वादळ. धाकटा मुलगा म्हणाला, “हिला आजारी कोण म्हणेल? तपासण्या करणाऱ्यांचीच चूक झाली असेल.”

पशुवैद्यांनी त्यावर दिलेले उत्तर त्या घरात पुढे अनेकदा आठवले गेले. त्यांनी सांगितले की तिचा उत्साह हे तिच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र समजू नये. वयस्क, लहान चणीच्या कुत्र्यांत हा विकार पुष्कळदा आढळतो. झडप नीट मिटत नाही, प्रत्येक ठोक्याबरोबर थोडे रक्त उलट दिशेने परतते, तेवढेच काम पुन्हा करता करता हृदय ताणून मोठे होते आणि कालांतराने फुप्फुसांत पाणी साठू लागते. माणसाला धाप लागली की तो बसतो. कुत्रा आनंदाच्या भरात स्वतःला आवरत नाही. शरीर नको म्हणत असतानाही धावत राहतो. बापुजींना हे लगेच उमगले. चाळीस वर्षे आडत केलेल्या माणसाने असे गाळे पाहिले होते. गल्ल्यात रोकड खेळताना दिसते, गिऱ्हाईक हटत नाही, आणि देणे किती थकले आहे ते खतावणी उघडल्याशिवाय कळत नाही.

त्यांनी खतावणी उघडली. लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबोडी वही काढून तिच्यात रोजमेळाप्रमाणे स्तंभ आखले: तिथी, वेळ, श्वास, औषध, पाणी, फिरणे. पशुवैद्यांनी सांगितले होते की कुत्री गाढ झोपली असताना तिच्या छातीचे वरखाली होणे मिनिटभर मोजावे. तीसच्या आत आकडा असला तर चिंता नाही; तो वारंवार तीसच्या वर जाऊ लागला तर फुप्फुसांत पाणी भरू लागल्याची शंका घ्यावी आणि थांबू नये. सामायिकाला बसणाऱ्या माणसाला घटका स्थिर बसणे जड गेले नाही. दुपारी गाळ्यावरून आले की बापुजी चटईवर बसत आणि घड्याळ समोर ठेवून श्वास मोजत. बावीस, चोवीस, बावीस, सव्वीस. आकडे एकाखाली एक उतरू लागले.

चौथ्या आठवड्यात थोरला मुलगा खरेदीच्या दौऱ्यावरून चार दिवसांनी परतला. त्याचा आवाज ऐकताच बिजली वरच्या मजल्याकडे झेपावली आणि मधल्या पायरीवर एकाएकी आडवी झाली. पाय ताठ, डोळे उघडे. अर्धे मिनिट घर गोठून गेले. मग ती उठली, अंग झाडले आणि काहीच घडले नाही अशा थाटात शेपटी हलवू लागली. उत्तेजित झाल्यावर अशा रुग्णाच्या मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि भोवळ येते, असे पशुवैद्यांनी सांगितले. औषधाची मात्रा बदलली. पण घरात प्रश्न उभा राहिला तो औषधाचा नव्हता. हिला बांधून ठेवायचे, की मोकळे सोडायचे?

मुलगे म्हणाले, बांधावी, जीव वाचेल. नात रडली. तिच्या मते, ज्या जिवाला पळण्यातच आनंद आहे त्याला साखळीने जखडून चार महिने जास्त जगवण्यात दया कसली? दोन्ही बाजूंत तथ्य होते. तेव्हा बा बोलल्या. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण पन्नास वर्षे पाक्षिक प्रतिक्रमण केलेले. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताला पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार घालणे आणि अन्नपाणी तोडणे. वंदित्तु सूत्रात ते येतात आणि दर पंधरवड्याला त्यांची आलोचना होते. बांधणे हा दोष खराच. परंतु व्याख्यानात त्यांनी ऐकले होते की शास्त्रकारांनी तेथे कारण आणि रीत पाहिली आहे. रागाने, बेफिकिरीने, करकचून बांधणे वेगळे. आणि कारण असताना, प्राण्याला हालचाल करता येईल, आग लागली तर सुटता येईल असे सैल बांधणे वेगळे. “सोडायची की बांधायची, हा प्रश्नच अपुरा आहे,” बा म्हणाल्या. “जयणा कशी ठेवायची, ते विचारा.”

जयणा हा आगमांतला जुना शब्द. साधूच्या चालण्याबोलण्यापासून निजण्याजेवण्यापर्यंत प्रत्येक क्रियेला दशवैकालिक सूत्राने जयणेची अट घातली आहे. जयणा म्हणजे यतना, सावधपणे केलेली वागणूक. मनात दया असलेला माणूसही न पाहता पाऊल टाकतो आणि मुंगी मरते. त्या पावलाला दया पुरत नाही, डोळे उघडे लागतात. बिजलीच्या बाबतीत त्या घराने याच शब्दाचा हात धरला.

जिन्याच्या तळाशी सुताराकडून गुडघाभर उंचीचे लाकडी दार बसवून घेतले. गळ्याच्या पट्ट्याने श्वासनलिकेवर दाब येऊन खोकला वाढतो, म्हणून छातीवरून जाणारा रुंद पट्टा आणला. सकाळ-संध्याकाळ एकेक लांब फेरी होती तिच्या जागी दिवसातून चार छोट्या फेऱ्या आल्या, आणि त्या तिच्या नाकाच्या गतीने होऊ लागल्या. ती वाटेल तेवढा वेळ एखादे झाड हुंगत उभी राही, आणि नात तिच्यासोबत उभी राही. कुत्र्याची बुद्धी नाकाने चालते. वीस मिनिटे हुंगून झाल्यावर बिजली धावून आल्यासारखी तृप्त होऊन निजे, हे वहीतील नोंदींवरूनही दिसू लागले. अंगणात तिला दोरीविना सोडले जाई, पण ऊन चढण्यापूर्वी आणि कोणीतरी जवळ असतानाच.

सर्वांत मोठा बदल माणसांत झाला. घरात शिरताना तिला हाक मारायची नाही, चप्पल काढून आधी शांत बसायचे, ती निवली की मगच अंगावर हात ठेवायचा, असा नियम ठरला. पाहुण्यांनाही तो दारातच सांगितला जाई. दोन आठवड्यांत त्या घराचा आवाज उतरला. सुनांच्या लक्षात आले की केवळ कुत्रीशीच नव्हे, एकमेकांशीही सारे हळू बोलू लागले आहेत.

आहाराचा प्रश्न आला तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हसून विचारले की शाकाहारी घरात कुत्री जगणार कशी? मांजर मांसावाचून निरोगी राहू शकत नाही. कुत्र्याचे शरीर मात्र धान्य, डाळी पचवते, आणि सर्व घटक जुळवून दिले तर शाकाहारावर नीट राहू शकते. ‘जुळवून’ हा शब्द महत्त्वाचा. नुसता दूधभात हा समतोल आहार नव्हे, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. थोरल्या सुनेने पशुवैद्यांकडून लिहून घेतले: तयार शाकाहारी खाद्य किती, मूगडाळ-भात किती, कोणती पूरक औषधे, आणि वेळोवेळी रक्ततपासणी. हृदयरोगी प्राण्याला मीठ अपायकारक, म्हणून खाकरा, पापड, शेव, मिठाचे ताक सारे बंद झाले. जैन घराचा एक लाभ मात्र झाला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात; त्या स्वयंपाकघरात ते नव्हतेच. परंतु मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना अपाय करतात, चॉकलेट विषारी ठरते, आणि बिनसाखरेच्या काही गोळ्यांत असणारे झायलिटॉल जीवघेणे होऊ शकते, हे सगळ्यांनाच नवे होते. पूजेनंतर बदाम-मनुका वाटण्याची बांची सवय त्या दिवसापासून बदलली. मनुकांचा डबा वरच्या फळीवर गेला.

गोळ्या दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने द्यायच्या होत्या. त्यांतली एक जेवणाच्या तासभर आधी. घरात चौविहार. सूर्यास्तानंतर बा आणि बापुजी पाण्याचा थेंब घेत नसत. धाकटी सून सहज म्हणाली, “आपल्या घरात आहे तर बिजलीलाही चौविहारच करू द्या.” बांनी तत्काळ नकार दिला. पच्चक्खाण स्वतः समजून घ्यायचे असते. दुसऱ्याच्या तोंडावर ते लादले तर त्याचे नाव अन्नपाणी तोडणे. त्यातून शरीरातील साचलेले पाणी लघवीवाटे काढणाऱ्या औषधाने तिला सतत तहान लागे, आणि अशा रुग्णाचे पाणी कधीच रोखायचे नसते. तेव्हा पितळी पातेल्यात गाळलेले पाणी रात्रभर तिच्यापाशी राही. त्यात चिलटे पडू नयेत म्हणून पातेल्याची जागा दिव्यापासून दूर नेली आणि झोपण्यापूर्वी पाणी बदलण्याचे काम बांनी स्वतःकडे घेतले. एका जिवाची तहान भागवताना दुसऱ्यांचा घात होऊ नये, ही त्यांची जयणा.

गोचिडांच्या बाबतीत मात्र वाट इतकी सरळ सापडली नाही. पावसाळ्यात गोचीड वाढतात, त्यांच्यामुळे कुत्र्याला रक्ताचे ताप येतात, आणि हृदयाने थकलेल्या शरीराला तसा ताप परवडत नाही. अंगावर चिकटलेला गोचीड काढून अंगणात सोडला तर तो परत चढतो; औषध लावले तर तो मरतो. घरात दोन दिवस यावर चर्चा झाली. शेवटी पशुवैद्यांचे औषध लावले गेले, केस कमी केले, अंथरूण रोज उन्हात घातले, फणीने दररोज अंग विंचरले, म्हणजे गोचीड मुळात धरूच नयेत. ही हिंसा नाही असे बांनी म्हटले नाही. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात त्यांनी तिची आलोचना केली. गृहस्थाच्या वाट्याला काही प्रश्न असे येतात की ज्यांचे उत्तर निर्दोष नसते. तेथे दोष कमी ठेवणे आणि तो स्वतःपाशी न लपवणे एवढेच हाती असते.

भाद्रपदातील एका मध्यरात्री थोरल्या सुनेला खोकल्याने जाग आली. बिजली झोपत नव्हती. पुढचे पाय पसरून, मान ताणून बसली होती. बापुजींनी घड्याळ घेतले. शेहेचाळीस. पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस. वही हातात घेऊनच ते गाडीत बसले. रुग्णालयात तिला प्राणवायू दिला, इंजेक्शने झाली, आणि पहाटेपर्यंत श्वास तीसवर उतरला. तेथील डॉक्टरांनी वहीची पाने उलटली. मागील तीन दिवसांत आकडा सव्वीसवरून एकतीसपर्यंत चढल्याचे त्यांनी दाखवले आणि त्यावरूनच औषधाची नवी मात्रा ठरवली. वेळेवर आणल्याने ती वाचली, असे त्यांनी सांगितले. आणि हेही सांगितले की हा आजार बरा होणारा नाही. कधीतरी श्वास औषधांनाही ऐकणार नाही. त्या दिवशी काय करायचे याचा विचार आजच करून ठेवा.

त्या घरातील ती सर्वांत अवघड चर्चा होती. इंजेक्शन देऊन प्राण्याची यातना संपवणे पशुवैद्यकात मान्य आहे. बहुतेक जैन मनांना ते पटत नाही. बापुजी म्हणाले, “जे आयुष्य आपण दिले नाही, त्याचा हिशेब मिटवण्याचा अधिकारही आपला नाही.” सुनेने शांतपणे विचारले, “आणि ती गुदमरत असताना आपण काय करायचे? पाहत बसायचे?” या प्रश्नापुढे बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी जे ठरले ते असे: प्राण घ्यायचा नाही, आणि यातनाही सोसायला लावायच्या नाहीत. प्राणवायू, वेदना व भीती शमवणारी औषधे, रात्री-अपरात्री डॉक्टर, यांत खर्चाकडे किंवा झोपेकडे पाहायचे नाही. ज्यांनी वेगळा निर्णय घेतला असेल त्यांना पापी म्हणायचे नाही. आणि अखेरच्या वेळी तिच्या कानाशी नवकार म्हणणारे कोणीतरी जवळ असेल. जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याला नमस्कार मंत्र ऐकवला आणि तो जीव यक्ष होऊन जन्मला, ही कथा जैन वाङ्मयात प्रसिद्ध आहे. नातीला ती बांनी त्याच रात्री सांगितली.

दोन महिन्यांची बोली केव्हाच उलटून गेली होती. दिवाळी आली. फटाक्यांचा धडाका अशा हृदयाला धोक्याचा. म्हणून संध्याकाळी खिडक्या मिटून, पडदे ओढून, पंखा मोठ्याने लावून कोणीतरी आतल्या खोलीत तिच्यापाशी बसे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गाळ्यावर चोपडापूजन झाले तेव्हा धाकटा मुलगा पूजेपुरता जाऊन लगोलग घरी परतला. ‘तपासण्या करणाऱ्यांचीच चूक’ म्हणणारा तो हाच.

त्यानंतर आठवड्याभरात संस्थेचा फोन आला. एक निवृत्त दांपत्य बिजलीला कायमचे नेण्यास तयार होते. तळमजल्यावरचे घर, जिना नाही, दोघेही दिवसभर घरी; यापूर्वी त्यांनी हृदयविकाराचा कुत्रा अखेरपर्यंत सांभाळलेला. घरात शोककळा पसरली. नातीने स्पष्ट शब्दांत विचारले, “तिला एकदा टाकले, आता आपणही टाकणार?” बापुजींनाही ती जावी असे वाटत नव्हते, त्यांच्या दुपारीच तिच्या श्वासांवर बेतल्या होत्या. परंतु त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या होत्या. टाकणाऱ्याने अंधारात, काही न सांगता, न पाहता सोडले. सोपवणारा उजेडात, माणूस पारखून, सगळा हिशेब हाती देऊन सोपवतो. या घरात जिना होता, दिवसा माणसे गाळ्यावर असत. त्या घरी ती अधिक सुखात राहणार होती. मन धरून ठेवू पाहत होते ते तिच्यासाठी की स्वतःसाठी, एवढेच तपासायचे होते. अपरिग्रह धनापुरता नसतो. ‘माझी’ म्हणण्याचा मोह प्रेमातही शिरतो.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला. साध्वीजींना निरोप देण्यास संघ उपाश्रयापाशी जमला होता. चार महिने जेथे व्याख्यान झाले, ती जागा मागे वळून न पाहता सोडून त्या विहाराला निघाल्या. त्याच आठवड्यात बिजली गेली. सोबत तिचे अंथरूण, छातीचा पट्टा, औषधांची यादी आणि लाल पुठ्ठ्याची वही. नवे पालक बराच वेळ वही चाळत बसले. शेवटच्या नोंदीखाली त्याच दिवशी नव्या हस्ताक्षरात आकडा पडला: चोवीस. अधूनमधून त्या पानांची छायाचित्रे आता बापुजींच्या फोनवर येतात.

ज्या कुटुंबांना असा जीव घरी आणावासा वाटतो, त्यांनी त्या घराचा अनुभव ध्यानात घ्यावा. दिवसातून दोनदा ठरल्या वेळी औषध देणारा माणूस कोण, रात्री उठणारा कोण, जवळचा पशुवैद्य किती दूर, औषधांचा खर्च संस्था उचलणार की कुटुंब, आणि दुकान, दौरे, लग्नसराई यांत त्याच्यापाशी राहणार कोण, या प्रश्नांची उत्तरे आधी माणसांच्या नावांनिशी लिहून काढावीत. माणसांसाठीच्या अंगदुखीच्या गोळ्या पशुवैद्याला विचारल्याशिवाय कधी देऊ नयेत. आणि तो प्राणी धावताना दिसला म्हणून तो बरा आहे, असे मानू नये. जीवदयेच्या खात्यावर रक्कम लिहायला एक ओळ पुरते. बिजलीच्या चार महिन्यांना बापुजींची अर्धी वही लागली.